शिकाऊ गाडीला रेसचे ब्रेक

गोडदेव, भाईंदर पूर्व
रविवार

श्रीयुत गुणवंतराव साडूभाऊ यांस,

उत्तमचा नमस्कार घ्यावा. तुमच्या दोन्ही गुडघ्यांना वेगळा नमस्कार, कारण जन्मभर एसटीचा क्लच दाबूनही ते अजून तुम्हाला देवरूखच्या बाजारात नेऊन परत आणतात, असं ताई सुचेताला फोनवर सांगत होत्या. ताईंचं ब्लडप्रेशर जागेवर असेल, परसातल्या केळी वाऱ्यात टिकल्या असतील आणि दर पावसाळ्यात मरायला टेकणारा तुमचा तो कुत्रा यंदाही मेला नसेल, असं धरून चालतो. इकडे सगळं क्षेम. सुचेता माझ्यावर दिवसभर ओरडते, म्हणजे तिची तब्येत ठणठणीत आहे. माझी साखर जरा वर आहे, पण या वयात आपलं वर जाण्यासारखं दुसरं राहिलंय काय? तेवढं सोडलं तर मी ठीक. बिघाड माझ्यात नाही, गाडीत आहे, आणि त्याबद्दलच लिहायला बसलोय.

आता तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला? तर आमचं घर तुम्ही पाहिलंय. बेडरूममध्ये फोनवर कुजबुजलं तरी स्वयंपाकघरातून सुचेता त्याला उत्तर देते. व्हॉट्सॲपवर लिहावं तर तुम्ही कशालाही गुलाबाचं फूल आणि दोन जोडलेले हात पाठवता. (माझी आई गेली तेव्हाही गुलाबच पाठवला होतात. मी राग धरलेला नाही, आठवलं म्हणून लिहिलं.) शिवाय विषय ब्रेकचा आहे, आणि आपल्या अख्ख्या नातेवाइकांत ब्रेकवर चार शब्द बोलावेत असा माझ्यानंतर माणूस तुम्हीच. माझ्यानंतर अशासाठी म्हणतोय की तुम्ही आंबा घाटात आयुष्यभर स्वतःच्या गाडीचा ब्रेक दाबलात, मी मात्र दुसऱ्याच्या हातातल्या गाडीचा. तुमच्या छातीवर विना अपघात सेवेचा बिल्ला लागला. आम्हाला बिल्ला कोण देणार? पण नवघर रोडवर ज्यांना ज्यांना मी माझ्या बाजूच्या पेडलने वाचवलंय त्यांनी मोर्चा काढला, तर मेट्रोचे खांब बाजूला घ्यावे लागतील.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण आमच्या संपदाच्या लग्नात भर पंगतीत तुम्ही विचारलं होतंत की नुसतं शेजारी बसायचे कसले पैसे घेता. (हेही आठवलं म्हणून लिहिलं.) शिकणारा बसतो उजवीकडे, स्टिअरिंग त्याच्या हातात. मी डावीकडे. माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक, दांडीने त्याच्या ब्रेकला जोडलेला. मी दाबला की त्याचाही खाली जातो. शिकाऊ माणूस घाबरला की डोळे मिटतो आणि ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबतो. तो डोळे उघडेपर्यंत मी गाडी थांबवायची. आमच्या धंद्यात तोंडाने शिकवायचं आणि पायाने जगवायचं. इतक्या वर्षांत पाय आपोआप जायला लागलाय. सोफ्यावर बसून सिरियल बघताना एखादी सून जिन्यावरून घसरायला लागली तरी माझा पाय फरशीवर दाबला जातो, सुचेताला विचारा.

तर या माझ्या बाजूच्या ब्रेकने गणपतीनंतर दगा द्यायला सुरुवात केली. पहिला प्रसंग संचिताबाईंचा. बाई पन्नाशी ओलांडलेल्या, पतपेढीतून रिटायर. मिस्टर गेले, त्यांची गाडी बिल्डिंगखाली धूळ खात उभी, मुलं म्हणाली विकून टाक, तर बाईंनी हट्टाने माझ्याकडे नाव घातलं. स्वभाव इतका भिडस्त की रस्त्यात कबुतर बसलं असेल तर ते उडेपर्यंत थांबतात. अशा बाई गोल्डन नेस्टच्या चौकात सिग्नलला घाबरल्या, डोळे मिटले आणि नियमाप्रमाणे ॲक्सिलरेटर दाबला. मी ब्रेक दाबला. दाबला म्हणजे दाबला. गाडी काही थांबली नाही, ती गेली शहाळ्याच्या हातगाडीवर. शहाळी चौकभर झाली, एक तर रिक्षात जाऊन बसलं. माणूस कोणी चाकाखाली सापडला नाही हे नशीब. शहाळेवाला हातात कोयता घेऊन माझ्या खिडकीशी आला आणि विचारायला लागला, "अंकल, आप तो मास्टर हो ना, ब्रेक क्यों नहीं मारा?" मी त्याला म्हटलं, बाबा, मी सिग्नलपासून दाबतोय. त्याला ते पटलं नाही. संचिताबाईंना पटलं, कारण त्या रडत होत्या.

त्यानंतर आठवडाभरात कचऱ्याच्या गाडीला मागून टेकलो, मग एका सोसायटीच्या गेटला. दोन्ही वेळा मी दाबला होता. गाडी पिंटूच्या गॅरेजला नेली. पिंटू म्हणजे आमच्या गल्लीतला मेकॅनिक, त्याला मी ओळखतो तेव्हापासून त्याच्या तोंडात मावा आहे. त्याने गाडी फिरवून आणली, चारही चाकं खोलली, पुन्हा लावली आणि म्हणाला, "चाचा, ब्रेक एकदम मक्खन है." मी म्हटलं, तुझ्या बाजूचा मक्खन असेल, माझ्या बाजूचा दाबून बघ. तर तो माझ्या जागेवर बसला, मला चालवायला लावली आणि गल्लीच्या तोंडाशी असा दाबला की माझं कपाळ स्टिअरिंगला लागलं. पण पिंटूचा पाय म्हणजे पाय आहे का तो? त्याने दाबला तर रोडरोलरही थांबेल. तो पुरावा मी मानला नाही.

इथे सुचेता मध्ये घुसली. तिचं म्हणणं, ब्रेक नाही, तुमचा पाय गेलाय. हे तिने कशावरून काढलं ऐका. मी भाजी घेऊन स्टेशन रोडवरून घरी आलो तर माझ्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी कुठे राहिली ते मला सांगता येईना. आता भाईंदरची गर्दी काय असते ते तुम्हाला देवरूखात बसून कळायचं नाही. इथे माणसाची किडनी गेली तरी घरी पोहोचल्यावर कळेल. पण नाही. मग एकदा म्हणे बुटातून स्क्रू वर आला होता, आणि मी दिवसभर तो घालून हिंडलो, आणि घरात फरशीवर रक्ताचे ठसे उमटले तेव्हा तिनेच आधी पाहिले. (तिला वाटलं, कोणाचा तरी खून झालाय. मग ठसे टीव्हीपर्यंत जाताना दिसले, तेव्हा तिने ओळखलं की मीच.) यात माझ्या पायाचा दोष काय? दोष बूट करणाऱ्याचा. पण ती मला डॉक्टरकडे घेऊन गेली.

त्या डॉक्टरने मला झोपवलं, डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनच्या दोऱ्याने तळपायाला ठिकठिकाणी टोचतो म्हणाला, टोचलं की 'लागलं' म्हणा. मी शाळेत पहिल्या बाकावर बसणारा माणूस. मी लगेच म्हणालो, लागलं. पुन्हा म्हणालो, लागलं. असं मी बऱ्याच वेळा म्हणालो. सुचेता एकदम रडायलाच लागली. मला कळेना काय झालं. डॉक्टर म्हणाला, काका, मी अजून सुरुवातच केलेली नाही. मग सुरुवात केली तेव्हा मी गप्प होतो. साखरेने पायाच्या शिरा मेल्यात, म्हणे, गाडी चालवणं आणि शिकवणं बंद करा. डॉक्टरांना काय, ते बंद करा एवढंच सांगतात. मीठ बंद, भात बंद, आता गाडी बंद. घरी आल्यावर मी सुचेताला ठणकावून सांगितलं, डॉक्टरने पाय तपासला, ब्रेक तपासला का? नाही ना? मग निकाल कसला लावता?

आणि नेमका तेव्हा नॅथन भेटला. नॅथन म्हणजे उत्तनच्या मायकेलचा मुलगा. मायकेल मासेमारीच्या बोटीवर होता तेव्हा मी त्याला गाडी शिकवली होती. गाडी थांबवायला वेगळं पेडल असतं ही कल्पनाच त्याला पटेना (बोटीला ब्रेक नसतो, हे त्याचं म्हणणं बिनतोड होतं). त्याचा हा मुलगा मीरा रोडच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो, लग्न ठरलंय, सोमवार ते शुक्रवार अगदी सज्जन. रविवारी तो ट्रॅक डेला जातो. ट्रॅक डे म्हणजे रेस नव्हे, मीही आधी तेच समजलो होतो. एका मोकळ्या ट्रॅकवर आपापली गाडी घेऊन जायचं आणि जीव खाऊन गोल गोल फिरून निघाल्या जागी परत यायचं. कोणाला कुठे पोहोचायचं नसतं, आणि तरीही सगळ्यांना घाई असते.

नॅथनचं दुखणं असं की त्याची गाडी एकच. तिच्यातूनच सोमवारी ऑफिस, तिच्यातूनच रविवारी ट्रॅक. रस्त्याचे ब्रेक पॅड ट्रॅकवर नेले तर दोन-चार फेऱ्यांत इतके तापतात की त्यांची पकडच जाते, ब्रेक ऑइल उकळून त्यात बुडबुडे होतात आणि पेडल नुसतं खाली जातं. उलट ट्रॅकचे पॅड रस्त्यावर वापरले तर तापल्याशिवाय ते लागत नाहीत, आणि आपल्या ट्रॅफिकमध्ये माणूस तापतो, पॅड काही तापत नाहीत. शेवटी त्याने दोन्हीचा मेळ घातला. ऑइल भारीतलं, लवकर न उकळणारं. रबरी नळ्या काढून स्टीलच्या जाळीच्या बसवल्या, म्हणजे दाब पडला की फुगत नाहीत. आणि पॅडचे दोन जोड ठेवले, ट्रॅकवर पोहोचला की तिथे बसून एक काढायचा, दुसरा घालायचा, परत निघताना पुन्हा बदलायचा. हे सगळं तो माझ्याशी उत्तन नाक्यावर उभा राहून इतका वेळ बोलला की मायकेलच्या घरचं जेवण निवलं असेल. इतक्या काळजीने हल्ली कोणी आईबापाला गोळ्या देत नाही.

त्याच्याकडे आधीचा एक संच पडून होता: मोठ्या डिस्क आणि ट्रॅकचे सगळ्यात कडक पॅड. त्याची आणि माझी गाडी एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची. मी म्हटलं, मला बसवून दे. तो म्हणाला, "काका, तुमच्या गाडीला ह्ये नको. तुमी तर वीसच्या वर जात न्हाय. ऑइल बदला, रस्त्याचे चांगले पॅड टाका, बस हाय." बरोबर बोलत होता. पण मी ऐकतोय थोडाच! मी त्याला शहाळ्यांची गोष्ट सांगितली, कचऱ्याच्या गाडीची सांगितली. पोराचा माझ्यावर विश्वास, त्याच्या बापाला मी शिकवलेलं. गाडीचा ब्रेक लागत नाही असं मास्टर सांगतोय म्हणजे लागत नसणारच. डॉक्टरचं मी त्याला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

संच बसला, आणि गुणवंतराव, मग ब्रेक खरोखरच लागेनासा झाला. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! संचिताबाई दाबतायत, मी दाबतोय, गाडी आपली चाललीये. घरी येऊन मी सुचेताला म्हटलं, बघ, मी सांगत होतो ना! आता दोघांनी दाबला तरी लागत नाही, म्हणजे बिघाड ब्रेकचाच. तिने कपाळावर हात मारून घेतला आणि आत गेली. नॅथनला फोन केला तर तो म्हणाला, काका, सांगितलं होतं ना, हे थंड असताना लागत न्हाय, तापवायला लागतात. मग त्यात काय अवघड? तवा तापल्याशिवाय आपण भाकरी तरी टाकतो का? मी ठरवून टाकलं की क्लासच्या आधी ब्रेक तापवायचे.

आता तापवायचे कसे, तर गाडी जोरात सोडायची आणि कचकन दाबायची, पुन्हा सोडायची, पुन्हा दाबायची. हे गोडदेवच्या गल्लीत जमत नाही, म्हणून मी संचिताबाईंना घेऊन काशीमिऱ्यावरून घोडबंदर रोडला, वरसाव्याकडे जायला लागलो. बाई शिकायला आल्या होत्या दळण आणायला आणि फार तर भावाकडे भाऊबीजेला जाता यावं म्हणून. त्या बिचाऱ्या मागे कंटेनर, पुढे टँकर अशा रस्त्यावर "सोडा!" म्हटलं की सोडायला आणि "दाबा!" म्हटलं की दाबायला लागल्या. पहिल्या दिवशी त्या गाडी बाजूला घेऊन उलटी करून आल्या. दुसऱ्या दिवशी घरून लिंबू घेऊन आल्या. त्या पॅडची किंकाळी अशी, की गल्लीत परत शिरताना लोक दारात येऊन कोण गेलं ते बघायचे. चाकांवर काळी भुकटी जमायची, ती सुचेता रोज पुसायची आणि पुसताना मला काय काय बोलायची ते ताईंसमोर वाचू नका. आणि एवढं तापवून आणावं, तर फाटकाजवळच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास उभं राहून सगळं पुन्हा थंड.

शेवटी नॅथनला माझी दया आली की गाडीची कोण जाणे. म्हणाला, काका, गाडी एकदा ट्रॅकवर नेऊ, म्हणजे ब्रेकमध्ये दोष हाय का न्हाय त्याचा काय तो निकाल लागेल. घाट चढून गेलं की माळावर कोणा बिल्डरने बांधलेला ट्रॅक आहे, तिथे गेलो. इतर गाड्या रंगवलेल्या, खाली बसलेल्या, कोणाच्या मागे पंख. आमच्या बॉनेटवर लाल रंगात एल, टपावर 'उत्तम मोटर ट्रेनिंग स्कूल' आणि दारावर 'महिलांसाठी विशेष बॅच, आरटीओची कामे केली जातील'. लोक फोटो काढायला लागले. तपासणीवाल्याने खाली वाकून माझ्या बाजूचं पेडल बघितलं आणि हे काय असं विचारलं. नॅथनने तेवढ्यापुरतं ते पेडल काढून ठेवतो म्हटलं, तर मी त्याचा हात धरला. माझ्या पेडलला हात लावायचा नाही! मी नुसता बसणार आहे, पाय मागे घेऊन. नॅथनने मला हेल्मेट दिलं आणि आपले जुने ट्रॅकचे बूट दिले, पातळ तळव्याचे, पेडल नीट कळावं म्हणून मुद्दाम तसे केलेले. जरा घट्ट होते. मी म्हटलं, चालतील.

दोन फेऱ्या सावकाश घेतल्या, ब्रेक तापले. आणि मग गुणवंतराव, काय सांगू! असा ब्रेक मी जन्मात पाहिलेला नाही. ही आपली म्हातारी शिकाऊ गाडी वाऱ्यासारखी जायची आणि वळणाच्या तोंडावर नॅथनने नुसता पाय ठेवला की जमिनीला नाक लावायची. मी हेल्मेटमध्ये मोठमोठ्याने हसत होतो. इतक्या वर्षांत मी कधी शेजारच्या माणसावर सगळं सोडून इतका निर्धास्त बसलो नव्हतो. मग ते लांब वळण आलं. तिथे ब्रेक मारायचा नसतो, मारला तर मागची चाकं सुटतात. नॅथनने मारला नव्हता. तरी गाडी आवळायला लागली. नॅथन ओरडला, "काका, पाय काढा!" मी ओरडलो, माझा पाय नाही! तो पुन्हा ओरडला, मी पुन्हा तेच ओरडलो, आणि मग आभाळ एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेलं, पुन्हा आलं, आणि आम्ही खडीत जाऊन, टायरांच्या भिंतीकडे पाठ करून थांबलो.

धुरळा बसला. नॅथन पांढराफटक पडला होता. तो खाली माझ्या पायाकडे बघत राहिला. मीही बघितलं. बूट पेडलवर होता. पेडल तळाला टेकलेलं होतं. मला त्यातलं काहीही कळत नव्हतं, गुणवंतराव. मांडीवर ताण आला होता, तेवढाच. मी पायाला म्हटलं, उठ. तो उठला की नाही, हे मला पुन्हा वाकून बघावं लागलं.

परत येताना नॅथनने मला मागे बसवलं. स्वतःच्या शाळेच्या गाडीत मी मागे कधी बसलोच नव्हतो. तिथून समोरची नुसती डोकी दिसतात. दुसऱ्या दिवशी त्याने येऊन गाडीला तिचे जुने ब्रेक घातले आणि चहा न घेता गेला. तेव्हा एकूण काय, ब्रेकची तक्रार मिटली. पिंटू म्हणतो तसे ते मक्खन आहेत, असं मी आता मान्य केलंय. बाकी विशेष नाही. हवा बरी आहे. उत्तनला बोंबील सुकायला घातलेत, ताईंना आवडतात, कधी जमलं तर या. घाई अजिबात नाही. ताईंना नमस्कार, आणि कुत्रा असेलच तर त्याला थोपटावं.

आपला,
उत्तम

ता. क. त्या घट्ट बुटाने उजव्या अंगठ्याला फोड आला होता. मला तो कळला नाही, वासावरून सुचेताला कळला. अंगठा काळा पडलाय. डॉक्टर म्हणतो अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागेल, पुढे सरकलं तर आणखी. मी त्याला विचारलं, ब्रेकला किती बोटं लागतात? तो हसला नाही. सुचेता ताईंना हे फोनवर सांगणार नाही, तिने तसं ठरवलंय, म्हणून मी लिहितोय.

ता. क. वर घाई नाही असं लिहिलंय ते खोडायला पाहिजे होतं, पण कागद खराब दिसतो. घाई आहे. गुणवंतराव, तुम्ही येऊन माझ्या जागेवर बसा. शाळा बंद कर असं सगळे सांगतात, आणि मला शेजारी बसण्याशिवाय काही येत नाही. गाडी कोणा पोराच्या हातात द्यायची तर तो मोबाईल बघत बसेल. तुमच्याशी माझं कधी पटलं नाही, पण मला तुमच्या पायाचा भरवसा आहे. अजून कोणाच्याच नाही. सुचेताला म्हणा की सहज आलो, बोंबील न्यायला. मला भीती वाटते हो. बोटं जाण्याची नाही वाटत.

ता. क. हे शेवटचं, मग पाकीट चिकटवतो. काल मी संचिताबाईंचा क्लास घेतला. (हो, घेतला. ओरडू नका.) नवघर रोडवर एक मूल आईचा हात सोडून एकदम गाडीपुढे धावलं. मी जीव खाऊन ब्रेक दाबला, आणि गाडी जागच्या जागी थांबली, मुलाच्या हातभर अलीकडे. माझा जीव भांड्यात पडला. मी बाईंना म्हटलं, बघितलंत, अजून जमतंय मला! बाईंनी हँडब्रेक ओढला. म्हणाल्या, सर, ब्रेक मी मारला. तुम्ही मॅट दाबताय.

बाई शिकल्या. त्यांना माझी गरज उरली नाही. पण येत्या सोमवारी नाही, पुढच्या सोमवारी निशिगंधा म्हणून नवी मुलगी येणार आहे. तिला ब्रेक कुठला आणि क्लच कुठला हे अजून माहीत नाही. तिची आई स्वतः येऊन सांगून गेली की मुलगी फार घाबरट आहे, पण सर, तुम्ही शेजारी आहात म्हणून मी निर्धास्त आहे. माझ्याच्याने तिला नाही म्हणवलं नाही. त्या सोमवारच्या आत या.